कुटुंबप्रमुख आणि तीन मारिया

गोव्याच्या समान नागरी कायद्याचे गोडवे आपल्याकडे अधूनमधून गायले जातात. ज्या १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेवर हा कायदा उभा आहे ती मुळातून वाचण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही. त्या संहितेत एक कलम असे होते की, विवाहित लेखिकेला नवऱ्याच्या संमतीवाचून आपले लेखन प्रसिद्ध करता येणार नाही, आणि नवऱ्याने विनाकारण अडवणूक केली तर तिने न्यायालयात दाद मागावी. ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालची राजेशाही संपली, प्रजासत्ताक आले, आणि त्याच डिसेंबरमधल्या नव्या कुटुंबविषयक कायद्यांनी हे बंधन काढून टाकले. बाईला लिहिण्यासाठी आणि लिहिलेले छापण्यासाठी नवऱ्याची सही लागेनाशी झाली.

त्यानंतर एकसष्ट वर्षांनी, १९७१ मध्ये, लिस्बनच्या रस्त्यात तीन पुरुषांनी मारिया तेरेझा ओर्ता या कवयित्रीला गाठून मारले. (पोर्तुगीजमध्ये नावातला ‘ह’ मुका असतो, म्हणून होर्ता नव्हे, ओर्ता.) त्याच वर्षी तिचा एक कवितासंग्रह आला होता. त्यात स्त्री आपल्या देहाबद्दल आणि आपल्या इच्छेबद्दल प्रथमपुरुषी एकवचनात बोलते, क्षमा मागत नाही, आणि रूपकांच्या पडद्याआडही जात नाही. संग्रहावर बंदी आली. हिचे दुसरे पुस्तक काढाल तर प्रकाशनसंस्थेला टाळे लागेल, असे प्रकाशिकेला बजावण्यात आले. मारणाऱ्यांनी मारता मारता कारणही सांगितले होते, आणि ते ओर्ताने पुढे अनेक मुलाखतींत सांगितले: तू जसे लिहितेस तसे लिहू नये हे तुला कळावे, म्हणून हा मार.

१९१० मध्ये कायद्यातून गेलेला नवरा असा रस्त्यात उभा होता. मधल्या काळात हुकूमशहा सालाझार येऊन गेला होता.

हुकूमशाहीविरुद्ध लढलेल्या स्त्रीवादी लेखिकांबद्दल लिहिताना आपण सहसा एक क्रम गृहीत धरतो: आधी हुकूमशाही जावी, लोकशाही यावी, मग स्त्रियांचे प्रश्न सावकाश सुटतील. चळवळीत उमेदीची वर्षे घालवलेल्या कितीतरी बायकांना हा क्रम प्रेमाने, समजुतीच्या सुरात ऐकवला गेला आहे. माझे म्हणणे असे की ओर्ताचे आयुष्य हा क्रम खोटा पाडते. पोर्तुगालची हुकूमशाही जितकी तुरुंगात आणि सेन्सॉरच्या कचेरीत होती तितकीच स्वयंपाकघरात होती, आणि हे हुकूमशहाला स्वतःला चांगले ठाऊक होते. त्याच्या विरोधकांना मात्र ते उशिरा उमगले, काहींना तर उमगलेच नाही.

सालाझारची राजवट समजून घ्यायची तर १९३८ चे एक भित्तिचित्र पाहावे. शाळाशाळांतून लावण्यासाठी सरकारने ‘सालाझारचा धडा’ या नावाने चित्रांची एक मालिका छापली होती, तिच्यातले हे चित्र. एका गरीब पण नीटनेटक्या शेतकऱ्याचे घर आहे. तो अवजार घेऊन शेतावरून दारात आला आहे, बायको चुलीपाशी आहे, मुले बापाकडे पाहत आहेत, भिंतीपाशी क्रूस आहे आणि उघड्या दारखिडकीतून दूरचा किल्ला आणि त्यावरचा झेंडा दिसतो. देव, देश, कुटुंब. चित्रात वीज नाही, नळ नाही, वर्तमानपत्र नाही, आणि त्याची कोणाला उणीवही भासत नाही. गरिबीला इतके देखणे करून विकणाऱ्या राजवटी फार नसतील. (सालाझार स्वतः आजन्म अविवाहित राहिला. त्याचे घर दोना मारिया नावाची सेविका चालवत असे आणि पंतप्रधान-निवासाच्या आवारात कोंबड्या पाळत असे.)

हे चित्र पुढे कायद्यात उतरले. १९३३ च्या राज्यघटनेने सर्व नागरिक कायद्यापुढे समान असल्याचे सांगितले आणि त्याच पाचव्या कलमात एक पुरवणी जोडली: स्त्रीच्या बाबतीत तिच्या निसर्गामुळे आणि कुटुंबाच्या हितामुळे जे भेद उत्पन्न होतात ते वगळून. या एका वाक्यांशाच्या खुंटीवर पुढची चाळीस वर्षे काय वाटेल ते टांगता आले. १९३६ च्या फर्मानानुसार प्राथमिक शिक्षिकेला लग्नासाठी मंत्रालयाची परवानगी लागे, आणि होणाऱ्या नवऱ्याची वर्तणूक चांगली असून त्याची मिळकत तिच्या पगाराला साजेशी आहे हे दाखवावे लागे. परिचारिकांना तर अनेक वर्षे लग्नच करता येत नव्हते. घर सोडून गेलेल्या बायकोला न्यायालयामार्फत ‘परत मिळवण्याची’ सोय १९३९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत होती. हरवलेल्या गुरासाठी कोंडवाड्यात अर्ज द्यावा तशी. विवाहितेला परदेशी जायला नवऱ्याची परवानगी लागण्याची अट १९६९ पर्यंत टिकली. १९६७ ची नवी दिवाणी संहिता आधुनिक म्हणून गाजली, पण नवरा हा कुटुंबाचा प्रमुख आहे आणि निर्णय त्याचा आहे हे तिने स्वच्छ शब्दांत लिहून ठेवले. बायको व्यभिचारात सापडली आणि नवऱ्याने तिला ठार मारले, तर दंडसंहितेप्रमाणे त्याची शिक्षा सहा महिने जिल्ह्याबाहेर राहण्याची.

‘कुटुंबप्रमुख’ ही या राजवटीत नुसती घरगुती उपाधी नव्हती. गावपातळीवरच्या मंडळासाठी मत देण्याचा हक्क व्यक्तीला नव्हता, कुटुंबप्रमुखाला होता. राज्ययंत्रणेची शेवटची पायरी घराच्या उंबऱ्यावर टेकलेली होती. खाली प्रत्येक घरात एक छोटा सालाझार आणि वर सगळ्या घरांचा मिळून एक मोठा. खालच्याला बाहेर काही अधिकार नव्हता, म्हणून घरात त्याला भरपूर दिला होता. विरोधी पक्ष, संघटना, संप, वर्तमानपत्र असे सगळे ज्याच्याकडून काढून घेतले आहे त्या पुरुषाच्या हातात निदान बायकोची पत्रे फोडण्याचा अधिकार राहू द्यावा, यात राज्यकर्त्याचा हिशेब सरळ आहे. अपमानित माणसाला अपमान करायला कोणीतरी मिळाले की तो वरच्याचा अपमान मुकाट गिळतो.

गोव्यालाही १९ डिसेंबर १९६१ पर्यंत हीच राज्यघटना आणि हीच सेन्सॉरशाही लागू होती. वर्तमानपत्रांच्या मजकुरावर फिरणारी सेन्सॉरची निळी पेन्सिल पोर्तुगालमध्ये म्हणीसारखी झाली, आणि आमच्याकडची जुनी माणसे सांगत की लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे. १९५५ मध्ये म्हापशाला गोव्याच्या राष्ट्रीय काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद घेण्यासाठी सुधाताई जोशी आल्या आणि त्यांना अटक झाली. त्याच्या आदल्या वर्षी पोर्तुगालच्या आलेंतेझू प्रांतात मजुरी वाढवून मागणाऱ्या कातारीना एउफेमिया या शेतमजूर स्त्रीला निमलष्करी दलाच्या अधिकाऱ्याने गोळी घालून मारले होते. कम्युनिस्ट चळवळीने तिला हुतात्म्याचे स्थान दिले, आणि ते योग्यच होते. पण पाहण्यासारखे हे की सत्याग्रही स्त्री, हुतात्मा स्त्री, तुरुंगातल्या नवऱ्याला डबा पोचवणारी स्त्री यांना प्रतिकाराच्या गोष्टीत ठरलेली जागा होती. स्वतःच्या सुखाबद्दल बोलणाऱ्या स्त्रीला मात्र सरकारच्या यादीतही जागा नव्हती आणि विरोधकांच्या यादीतही नव्हती.

ओर्ताला मार बसला त्या सुमारास तिचे दोघी मैत्रिणींशी आठवड्याच्या आठवड्याला जेवणे आणि बोलणे चालले होते: मारिया इझाबेल बारेनो आणि मारिया वेल्यो द कॉश्ता. तिघींचीही त्याआधी पुस्तके आली होती, तिघीही नोकऱ्या आणि संसार सांभाळत लिहीत होत्या. एका बाईच्या एका पुस्तकाने एवढा गदारोळ होतो, तर तिघींनी मिळून लिहिले तर काय होईल, असा प्रश्न त्या जेवणात निघाला. सतराव्या शतकात बेझा गावच्या मठातल्या एका जोगिणीने तिला सोडून गेलेल्या फ्रेंच सरदाराला लिहिली म्हणून प्रसिद्ध असलेली पाच पत्रे त्यांनी आधाराला घेतली आणि काही महिने एकमेकींना पत्रे, कविता, गोष्टी, खोट्या रोजनिशा असे लिहून दाखवीत राहिल्या. मठातली जोगीण आणि घरातली बायको यांच्यात भिंतीची जाडी सोडली तर काय फरक आहे, हा त्या लेखनाचा कणा होता. पण तेवढेच नव्हते. अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये तेव्हा वसाहतींची युद्धे चालली होती. त्या युद्धांवर गेलेले नवरे, फ्रान्समध्ये पोटासाठी गेलेले नवरे, मागे राहिलेल्या आणि पत्रांची वाट पाहणाऱ्या बायका, परत आलेल्या सैनिकाची घरातली मारझोड, बापाने मुलीवर केलेला अत्याचार हे सगळे त्यात आले. एप्रिल १९७२ मध्ये ते ‘नोव्हाश कार्ताश पोर्तुगेझाश’, म्हणजे ‘नवी पोर्तुगीज पत्रे’, या नावाने प्रसिद्ध झाले. प्रकाशनसंस्थेच्या साहित्यविभागाची प्रमुख होती नातालिया कोरैया. कामुक आणि उपहासात्मक पोर्तुगीज कवितांचे संकलन केल्याबद्दल तिला स्वतःला निलंबित कारावासाची शिक्षा झालेली होती. हस्तलिखितातले काही गाळावे असे तिला सुचवण्यात आले, तेव्हा तिने एक ओळही गाळली नाही.

पुस्तक जप्त झाले आणि तिघींवर खटला भरला गेला. सरकारने कोणता आरोप ठेवला, ते पाहण्यासारखे आहे. ज्या पुस्तकात वसाहतींच्या युद्धाविरुद्ध उघड लिहिले होते, त्याच्यावर राजद्रोहाचा नव्हे, अश्लीलतेचा आरोप ठेवला गेला. चौकशी राजकीय पोलिसांकडे न जाता वेश्यांचे गुन्हे हाताळणाऱ्या पोलिसांकडे गेली. ही गोष्ट अनेकदा गमतीने सांगितली जाते. मला तिच्यात गंमत वाटत नाही, चाणाक्षपणा दिसतो. राजकीय कैद्याला तुरुंगात छळले तरी त्याला शत्रू म्हणून एक प्रतिष्ठा मिळते. बाहेर लोक त्याचे नाव हळू आवाजात का होईना, पण आदराने घेतात. बाजारू ठरवलेल्या बाईचे नाव कोणी घेत नाही. तिच्या बाजूने उभे राहायचे तर आधी आपण सभ्य आहोत हे सिद्ध करावे लागते. सालाझारनंतर आलेल्या मार्सेलो काएतानोने सेन्सॉरशाहीचे नाव बदलून ‘पूर्वपरीक्षण’ असे सोज्वळ केले होते, आणि त्याच्या राजवटीला ‘वसंत’ म्हणणारेही पुष्कळ होते. त्या वसंतात लेखिकांना राजकीय गुन्हेगार ठरवण्यापेक्षा चारित्र्यहीन ठरवणे सोयीचे होते.

आणि इथे पोलिसांचा एक प्रश्न आला. कोणते पान कोणी लिहिले? पत्रांखाली सह्या नव्हत्या. आक्षेपार्ह उतारे एकीचे ठरले असते तर दोघींना सोडता आले असते आणि एकीला धरता आले असते. तिघींना वेगवेगळे बसवून हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. तिघींनीही सांगितले नाही. मैत्रीची निष्ठा म्हणून हे थोर आहेच, पण मला त्यात निष्ठेपलीकडचे काही दिसते. ज्या व्यवस्थेत प्रत्येक घराला एक धनी, प्रत्येक बाईला एक धनी आणि प्रत्येक मताला एक कुटुंबप्रमुख लागतो, त्या व्यवस्थेला धनी नसलेला मजकूर हाताळता येत नाही. तिघींनी लिहिले एवढेच सांगून त्या थांबल्या, आणि राजवटीच्या कायद्याला धरायला टोक उरले नाही.

देशातल्या वर्तमानपत्रांना यातले फारसे छापता येत नव्हते. पुस्तक फ्रान्समध्ये पोचले आणि तिथल्या लेखिकांनी, सिमोन द बोव्हार त्यांत होती, ते प्रकरण उचलून धरले. जून १९७३ मध्ये अमेरिकेत केंब्रिज इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्रीवादी परिषदेने या खटल्याविरुद्ध देशोदेशी निदर्शने करण्याचे ठरवले, आणि मग पोर्तुगीज वकिलातींसमोर बायका उभ्या राहू लागल्या. सुनावणीच्या तारखा पुढे पुढे जात राहिल्या. २५ एप्रिल १९७४ च्या पहाटे कप्तानांनी रणगाडे लिस्बनमध्ये आणले, लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवली आणि अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही एका दिवसात कोसळली. ७ मे रोजी न्यायाधीशाने तिघींना निर्दोष सोडले. पुस्तक अश्लील तर नाहीच, उलट उच्च दर्जाची कलाकृती आहे, असा निर्वाळा दिला.

बहुतेक ठिकाणी ही कथा इथेच संपते आणि वाचक समाधानाने पान उलटतो. माझा मुद्दा इथे सुरू होतो.

त्याच मे महिन्यात ओर्ता आणि बारेनो यांनी इतर काही जणींना बरोबर घेऊन स्त्रीमुक्तीची संघटना काढली. वेल्यो द कॉश्ता तिच्यात गेली नाही, आपला मार्ग वेगळा असल्याचे तिने जाहीर सांगितले, आणि त्यावरून कटुताही आली. तीन मारियांना एकाच चौथऱ्यावर बसवणाऱ्यांनी ही गोष्ट झाकू नये. १३ जानेवारी १९७५ रोजी या संघटनेने लिस्बनच्या एदुआर्दु सातव्याच्या उद्यानात एक छोटेसे निदर्शन ठरवले. एक बाई नववधूचा वेश करून आली होती, एक गृहिणीचा, एक मदनिकेचा; दिवाणी संहिता, दंडसंहिता, अश्लील मासिके अशा वस्तूंची होळी करायची होती. एका वर्तमानपत्राने आधीच छापून टाकले की तिथे बायका कपडे उतरवणार आहेत. मूठभर बायका आणि त्यांची लहान मुले उद्यानात पोचली तेव्हा समोर हजारो पुरुष जमले होते. त्यांनी बायकांना घेरले, शिव्या दिल्या, अंगाला हात घातले, कपडे ओढले, मारले. जिवाच्या भीतीने त्यांना तिथून पळ काढावा लागला.

आठ-नऊ महिन्यांपूर्वी याच शहराने बंदुकीत फुले खोवली होती. सेन्सॉर नव्हता, राजकीय पोलीस नव्हते, काएतानो ब्राझीलमध्ये होता. जमलेल्या पुरुषांना कोणी हुकूम दिला नव्हता. १९७१ मध्ये रस्त्यात मारणारे तिघे होते, आता हजारो होते आणि सगळे मुक्त नागरिक होते. ‘आधी लोकशाही’ म्हणणाऱ्यांनी या दुपारचे स्पष्टीकरण द्यावे.

याला एक उत्तर आहे आणि ते हलके नाही. कैशियाशच्या तुरुंगात माणसांना कित्येक दिवस झोपू न देता उभे ठेवले जात होते, केप व्हर्दच्या तार्राफाल छावणीत माणसे मेली, आफ्रिकेत गावेच्या गावे बेचिराख झाली. त्यापुढे एका पुस्तकावरचा अश्लीलतेचा खटला केवढासा? शिवाय राजवट पुस्तकाने पडली नाही. युद्धाला कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी ती पाडली. हे दोन्ही मला मान्य आहे. दुःखांची तुलना करून खटल्याचे वजन वाढवण्याची मला गरजही वाटत नाही. पण या उत्तरात एक गृहीतक लपलेले आहे, की तुरुंग हा राजकारणाचा विषय आणि घर हा नंतरचा. सालाझारने तसे कधीच मानले नव्हते. त्याने घर घटनेच्या पाचव्या कलमात लिहिले, भित्तिचित्रावर रंगवले, मतदार यादीत घातले. घर हे राजकारण आहे हे कोणी पहिल्यांदा सांगितले असेल तर ते स्त्रीवाद्यांनी नव्हे, हुकूमशहाने सांगितले. ओर्ताने फक्त त्याचा शब्द खरा मानला आणि त्याच ठिकाणी घाव घातला.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की लोकशाही आली म्हणूनच तर पुढचे बदल शक्य झाले. हेही खरे आहे, आणि ओर्ताने ते कधी नाकारले नाही. १९७४ मध्येच न्यायाधीशपद आणि परराष्ट्रसेवा स्त्रियांना खुली झाली, १९७५ मध्ये चर्चमध्ये लागलेल्या लग्नांनाही घटस्फोट मिळू लागला, १९७६ च्या घटनेने पाचव्या कलमाची पुरवणी पुसली, १९७८ पासून दिवाणी संहितेतला कुटुंबप्रमुख गेला. मात्र यातले काही आपोआप झाले नाही, आणि जिथे जोर कमी पडला तिथे गाडी अडून राहिली. गर्भपाताचा प्रश्न १९९८ च्या सार्वमतात हरला आणि २००७ च्या सार्वमतात जिंकला. क्रांतीनंतर तेहतीस वर्षांनी. ओर्ता १९७५ मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेली, १९८९ पर्यंत राहिली, या काळातली बरीच वर्षे तिने स्त्रियांसाठीचे एक मासिक चालवले. पक्षाच्या शिस्तीत राहून तिने किती गोष्टी गिळल्या असतील याचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच आहे.

उतारवयातही ती सोयीची झाली नाही. सरकारमान्य बंडखोर म्हणून मिरवण्याची संधी तिला २०१२ मध्ये आली होती. अठराव्या शतकातली कवयित्री मार्केझा द आलोर्ना ही तिची पूर्वज. तिच्यावर लिहिलेल्या मोठ्या कादंबरीला पारितोषिक मिळाले आणि ते पंतप्रधानांच्या हस्ते दिले जायचे होते. तेव्हा पोर्तुगालमध्ये काटकसरीच्या नावाखाली पगार आणि निवृत्तिवेतने कापली जात होती. देशाची वाताहत करणाऱ्याच्या हातून मी पारितोषिक घेणार नाही, असे तिने कळवले.

आणि गोव्याकडे परत यायचे तर, १८६७ च्या संहितेतले ते लेखिकेचे कलम गेले, पण पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे असावा ही तिची मूळ कल्पना १९६१ मध्ये संहितेबरोबर आमच्याकडे राहिली. पोर्तुगालने ती संहिता १९६७ मध्ये बदलली आणि १९७८ मध्ये कुटुंबप्रमुखाला निरोप दिला. आम्ही मात्र लिस्बनने टाकून दिलेल्या कोटाचे बटण पुसून चकचकीत ठेवतो आणि समानतेचा नमुना म्हणून देशाला दाखवतो. निम्म्या मालमत्तेवर बायकोचा हक्क ही त्या संहितेतली मोलाची गोष्ट आहे, तिच्याबद्दल वाद नाही; पण हक्क तिचा आणि कारभार त्याचा, ही मांडणी त्या १९३८ च्या चित्रातल्या घरात अगदी चपखल बसली असती.

बारेनो २०१६ मध्ये गेली, वेल्यो द कॉश्ता २०२० मध्ये. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, ओर्ता लिस्बनमध्ये वारली. पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या, अभ्यासकांनी शैलीवरून, शब्दांवरून तर्क लढवले. कोणते पान कोणी लिहिले, हे पोलिसांना न मिळालेले उत्तर तिने त्यांनाही दिले नाही.